शासकीय महापूजा आणि धर्मनिरपेक्ष राज्य: विठ्ठलाच्या देवळात सरकार नेमकं काय करतं?

मावळातल्या उर्से गावाचं नाव राज्यभरातल्या गाडीवाल्यांना माहीत आहे ते टोलनाक्यामुळे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तळेगाव दाभाड्याजवळ हा नाका लागतो. टोलनाक्यावर कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. गाडी कोणत्या प्रकारची आहे ते बघतात आणि पैसे घेतात. आषाढी एकादशी जवळ आली की मात्र राज्य सरकार एक वेगळा आदेश काढतं: पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांच्या आणि वारकऱ्यांच्या गाड्यांना टोल माफ. पोलीस ठाण्यातून किंवा आरटीओतून पास घ्यायचा आणि काचेला लावायचा. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना अशी सवलत मिळत होतीच. २०२२ मध्ये ती वारीलाही लागू झाली.

त्यावर दरवर्षी दोन उलटसुलट प्रश्न ऐकू येतात. पहिला असा, की राज्यघटनेत स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणारं सरकार एका धर्माच्या यात्रेला टोलमाफी कसं देतं? मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला कसे बसतात? दुसरा प्रश्न विचारणारे बरोबर समोरच्या बाजूला उभे असतात. ते म्हणतात, सरकार धर्मनिरपेक्ष आहे ना, मग देवळं ताब्यात का ठेवली आहेत? आणि फक्त हिंदूंचीच का?

हे दोन्ही प्रश्न शेवटी एकाच देवळाच्या पायरीशी येऊन थांबतात. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या गेल्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात दोघांचंही बरंचसं उत्तर आहे. ते दोन्ही बाजूंना थोडं अडचणीचं ठरतं.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत या विषयावर भांडणारे लोक अनेकदा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात. कुणी ‘निधर्मी राज्य’ म्हणतं, म्हणजे धर्माशी काहीही देणंघेणं नसलेलं. कुणी ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणतं, म्हणजे सगळ्या धर्मांकडे सारख्या आदराने बघणारं. जुन्या पिढीतले काही लेखक ‘इहवादी’ हा शब्द वापरायचे. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, तर हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’.

हा शब्द उद्देशिकेत मुळात नव्हता. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शाह यांनी संविधान सभेत तो घालण्याची सूचना मांडली होती, ती मंजूर झाली नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीच्या काळात, तो आला. तो काढून टाका अशी मागणी करणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. शब्द नसतानाही तत्त्व घटनेत होतंच, ही भूमिका न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ मध्येच घेतलेली आहे. तेव्हा ‘शब्द नंतर घुसवला’ या मुद्द्यात फारसा दम उरलेला नाही.

खरं महत्त्वाचं आहे ते कलम २५ आणि २६. कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा हक्क देतं. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सरकारला दोन गोष्टींची मोकळीक देतो: धार्मिक आचरणाशी जोडलेल्या आर्थिक आणि लौकिक व्यवहारांचं नियमन करण्याची, आणि हिंदूंची सार्वजनिक स्वरूपाची देवस्थानं सगळ्या जातींच्या हिंदूंना खुली करण्याची. धर्म आणि सरकार यांच्यामध्ये भिंत उभी करणारी ही घटना नाही. तिने सरकारसाठी एक दार मुद्दाम ठेवलेलं आहे, आणि ते का ठेवलं हे समजायला पंढरपूरला जावं लागतं.

दार कुणी उघडलं?

१ मे १९४७. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलेलं होतं आणि पंढरपुरात साने गुरुजी उपोषणाला बसले. मागणी एकच होती, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुलं करा. ज्या संप्रदायात चोखोबांना संत मानलं जातं, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्या संप्रदायाच्या मुख्य देवळात चोखोबांच्या जातीच्या माणसाला आत जाता येत नव्हतं. उपोषण १० मे रोजी सुटलं आणि मंदिर खुलं होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. पुढे १९५६ मध्ये हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांमधल्या प्रवेशाचा आणखी व्यापक कायदा आला.

हा १९५६ चा कायदा साठ वर्षांनी पुन्हा कामाला आला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नसत. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याच कायद्याचा आधार घेतला. न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी सरकारला कायदा अंमलात आणायला सांगितलं आणि आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, स्त्रिया चौथऱ्यावर गेल्या.

‘सरकारने देवळापासून लांब राहावं’ असं म्हणताना ही दोन उदाहरणं सोबत ठेवावी लागतात. सरकार लांब राहिलं असतं तर दार ज्यांच्या हातात होतं त्यांच्याच हातात राहिलं असतं.

बडवे, उत्पात आणि दानपेटी

दार उघडलं तरी आतला कारभार तसाच होता. विठ्ठलाच्या पूजेचे आणि उत्पन्नाचे वंशपरंपरागत हक्क बडव्यांकडे, रुक्मिणीचे उत्पातांकडे. त्याखेरीज सेवाधाऱ्यांची सात घराणी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. प्रत्येकाचं काम ठरलेलं, आणि कामाबरोबरचं उत्पन्नही. देवापुढे येणाऱ्या ओवाळणीचा हक्क बडव्यांमध्ये आपसात लिलावाने दिला जाई. ज्याने बोली जिंकली त्याला त्या दिवशी आपली रक्कम वसूल करायची असे. मग गाभाऱ्यात काय होत असेल याची कल्पना करता येते. शेकडो किलोमीटर चालून आलेला वारकरी देवाच्या पायाशी पोचला की त्याच्याकडे पैशांचा तगादा लागे. या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या आणि त्या करणारे कुणी नास्तिक नव्हते, माळकरी होते.

राज्य सरकारने बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १९७० मध्ये आला आणि त्यावरून पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ तयार झाला. या कायद्याने बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे सगळे वंशपरंपरागत हक्क संपवले. देवळाचा कारभार सरकारनियुक्त समितीकडे दिला. समितीचे सदस्य हिंदू असले पाहिजेत, अशी अट कायद्यातच आहे.

कायदा झाला, पण अंमल सोपा नव्हता. हक्कदार न्यायालयात गेले. समितीने कारभार हाती घेतला तो १९८५ मध्ये, आणि पूजेच्या हक्कांचा वाद त्यानंतरही चालूच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला तो जानेवारी २०१४ मध्ये: बडवे-उत्पातांचं अपील फेटाळलं गेलं. कायदा झाल्यापासून चाळीस वर्षं. मे २०१४ मध्ये मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी मुलाखती घेतल्या. जातीची अट नव्हती आणि मुलाखतींना स्त्रियाही आल्या होत्या.

न्यायालयाने रेघ कुठे मारली?

सरकार देवळाची पेटी मोजू शकतं, पण आरती कोणती म्हणायची हे सांगू शकत नाही. ढोबळपणे रेघ ही अशी आहे, आणि ती आखणारा एक महत्त्वाचा खटला मुंबईचाच आहे.

१९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. आज त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. धर्मादाय आयुक्त हे पद यातलंच. कायदा सगळ्या धर्मांच्या न्यासांना लागू होता, म्हणून त्याविरुद्ध न्यायालयात गेलेही वेगवेगळ्या धर्मांचे लोक: एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांच्या निकालपत्रात कायदा मोठ्या प्रमाणावर टिकवला. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण हे सगळं मान्य. पण काही कलमं मोडीत काढली. कुठल्याही मंदिराचा किंवा मठाचा विश्वस्त म्हणून थेट धर्मादाय आयुक्तालाच नेमता येईल, ही तरतूद न्यायालयाला पटली नाही. धर्मासाठी दिलेला पैसा दुसऱ्याच कामाला वळवण्याची मोकळीकही नाकारली.

रेघ कागदावर स्पष्ट दिसते. जमिनीवर ती पुसट होते. पुजारी नेमणं धार्मिक की लौकिक? तमिळनाडूतल्या शेषम्मल खटल्यात १९७२ मध्ये न्यायालय म्हणालं, पुजारी पूजा कशी करतो ते धार्मिक, पण त्याची नेमणूक लौकिक, म्हणून वंशपरंपरा संपवता येते. पंढरपूरचा कायदा त्यानंतर वर्षभराने झाला. दुसरं उदाहरण त्याहून अवघड आहे. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायची, म्हणजे पदस्पर्श दर्शनाची, प्रथा आहे. लाखो हातांनी आणि कपाळांनी मूर्ती झिजते. ती टिकावी म्हणून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप करवला जातो, २०२० मध्येही केला गेला. दगड वाचवणं हे संवर्धनाचं काम, पण मूर्तीला कधी आणि काय लावायचं, त्या दिवसांत दर्शन बंद ठेवायचं का, हे ठरवणारी समिती सरकारने नेमलेली असते. इथे लौकिक कुठे संपतं आणि धार्मिक कुठे सुरू होतं, हे सांगताना वकिलांचीही पंचाईत होईल.

नऊ दिवसांत दोन निकाल

देवळं सरकारमुक्त करा, असं म्हणणारे नेहमी चिदंबरमचं उदाहरण देतात, आणि ते बरोबर आहे. ६ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चिदंबरमच्या नटराज मंदिराचा कारभार पुन्हा दीक्षितरांकडे सोपवला. गैरकारभार झाला तर सरकार हस्तक्षेप करू शकतं, पण तो दुरुस्तीपुरता आणि मर्यादित काळापुरता. कायमचा ताबा घेता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

पंढरपूरचा निकाल त्यानंतर नऊ दिवसांनी, १५ जानेवारीला आला, आणि तिथे सरकारी समिती कायम राहिली. एकाच महिन्यात, एकाच न्यायालयाचे, वरवर उलटे दिसणारे दोन निकाल. फरक आहे तो दावेदाराच्या स्वरूपात. दीक्षितर हा स्वतंत्र धार्मिक संप्रदाय आहे हे न्यायालयांनी मान्य केलेलं होतं, म्हणून त्यांना कलम २६ चं संरक्षण मिळालं. बडवे आणि उत्पात हे देवाचे सेवेकरी. देऊळ त्यांचं नव्हतं, त्यांचे होते ते सेवेचे हक्क, आणि तेच कायद्याने काढून घेतले होते.

यातून एक प्रश्न तसाच उरतो. पंढरपूर मुक्त करायचं ठरलं तर ते कुणाच्या हाती द्यायचं? बडव्यांकडे परत? तसं म्हणायला वारकरी तयार होणार नाहीत. वारकऱ्यांकडे? वारकरी संप्रदायाला एक पीठ नाही, एक प्रमुख नाही, सदस्यांची यादी नाही. फड आहेत, दिंड्या आहेत, मठ आहेत. जो संप्रदाय असा मोकळा आहे त्याच्या नावावर देऊळ करायचं म्हणजे नेमकं कुणाच्या सहीने करायचं, याचं उत्तर ‘मंदिरमुक्ती’च्या भाषणांत सहसा सापडत नाही. सुब्रमण्यम स्वामी यांनी १९७३ च्या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. राज्य सरकारने २०२३ मध्ये प्रतिज्ञापत्र देऊन कायद्याचं समर्थन केलं. तेव्हा राज्यात शिवसेना आणि भाजपचं सरकार होतं, हे नमूद करायला हवं. विरोधात असताना देवळं सोडा म्हणणं आणि सत्तेत असताना ती सोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समितीत माळ कुणाच्या गळ्यात?

पण म्हणून सरकारी समित्यांची बाजू उजळ ठरते असं नाही. बडव्यांची वंशपरंपरा गेली आणि तिच्या जागी राजकीय नेमणुका आल्या, ही तक्रार खोटी नाही. २०१७ मध्ये भाजपचे अतुल भोसले पंढरपूर समितीचे अध्यक्ष झाले तेव्हा वारकरी संघटनांनी विरोध केला. समितीत माळकरी हवेत, ही त्यांची मागणी होती. पुढे सहअध्यक्षपद वारकरी संप्रदायातल्या महाराजांना मिळालं.

शिर्डीत हे आणखी ठळक आहे. साईबाबा संस्थानासाठी २००४ चा वेगळा कायदा आहे. महाविकास आघाडीच्या काळात तिथे आमदार अध्यक्ष असलेलं विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये ते बरखास्त केलं. त्याआधी २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाच्या तिजोरीतून ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यायला सरकारने मंजुरी दिली होती. अहमदनगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांना पाणी मिळावं, याला कोण नाही म्हणेल? पण भक्ताने साईबाबांच्या पेटीत टाकलेला पैसा पाटबंधारे खात्याचं काम करू लागला, तर १९५४ साली आखलेल्या रेघेचं काय झालं, असं विचारणारा माणूसही चुकीचा नाही.

सरकारी कारभाराचा एक फायदा मात्र मोजता येतो: हिशेब उघड होतो. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या लेखापरीक्षण अहवालात पंढरपूर मंदिर समितीवर ताशेरे होते. देवाच्या जुन्या दागिन्यांचं मूल्यांकन झालेलं नव्हतं आणि प्रसादाचे लाडू अस्वच्छ जागेत बनत होते. लेखापरीक्षकांनी विठोबाच्या लाडवांची तपासणी करावी, याचं हसू येईल. पण खासगी हातातल्या देवस्थानात असा अहवाल आलाच नसता.

फक्त हिंदूंचीच देवळं का?

विशेष कायदे पाहिले तर आक्षेपात तथ्य दिसतं. पंढरपूर (१९७३), प्रभादेवीचा सिद्धिविनायक (१९८०), शिर्डी (२००४), शनिशिंगणापूर (२०१८): यादी बहुतेक हिंदू किंवा हिंदू भाविक मोठ्या संख्येने जातात अशा स्थळांची आहे. पण चित्र पूर्ण नाही. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारासाठी १९५६ पासून स्वतंत्र कायदा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिथल्या मंडळावरच्या सरकारनियुक्त सदस्यांची संख्या ७ वरून १२ करण्याचं ठरवलं, तेव्हा नांदेडपासून अमृतसरपर्यंत शीख संघटना उठल्या आणि सरकारला थांबावं लागलं. वक्फच्या मालमत्तांवर वक्फ मंडळ आहे, तेही कायद्यानेच बनलेलं, आणि २०२५ च्या केंद्रीय दुरुस्तीवरून किती रान उठलं ते ताजं आहे. चर्च, अग्यारी, जैन मंदिर यांच्या न्यासांना धर्मादाय आयुक्तांचा कायदा आहेच. प्रत्येकाला लागलेली दोरी वेगळ्या लांबीची आहे, हे खरं. दोरी फक्त एकालाच आहे, हे खरं नाही.

मग ती महापूजा?

आता पहिल्या प्रश्नाकडे. पेटी मोजायला सरकार आत गेलं, ते कायद्याने गेलं. पण आषाढीच्या पहाटे गाभाऱ्यात मुख्यमंत्री यजमान म्हणून उभे राहतात, ते कोणत्या कायद्याने?

राज्यघटनेने मुख्यमंत्र्यांना असं कोणतंही कर्तव्य दिलेलं नाही. ही परंपरा आहे. पूर्वी सत्ताधीश देवाच्या पूजेची व्यवस्था करत, सातारच्या छत्रपतींकडूनही होत असे, इंग्रजांच्या काळात ती जबाबदारी हिंदू अधिकाऱ्यांवर आली आणि राज्य स्थापन झाल्यावर मंत्र्यांकडे, असा या प्रथेचा इतिहास सांगितला जातो. आता आषाढीला मुख्यमंत्री आणि कार्तिकीला उपमुख्यमंत्री, असं ठरून गेलं आहे. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका वारकरी जोडप्याला ‘मानाचे वारकरी’ म्हणून पूजेत सोबत घेतात आणि त्यांना वर्षभराचा एसटीचा मोफत पास मिळतो.

या प्रथेला एकदा खीळ बसली होती. १९७० च्या सुमाराला समाजवादी मंडळींनी हरकत घेतली, की निधर्मी राज्यात सरकारने पूजा करू नये. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९७१ ला शासकीय पूजा झाली नाही, असं पंढरपुरात सांगतात. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, महाराष्ट्राने स्वातंत्र्यानंतरचा सगळ्यात भीषण दुष्काळ पाहिला. दुष्काळाचं कारण पाऊस होता, पूजा नव्हे. पण देवाचा कोप झाला ही कुजबुज सुरू झाली म्हणतात, आणि १९७३ पासून पूजा परत सुरू झाली. त्यानंतर कोणत्याही पक्षाच्या मुख्यमंत्र्याने ती बंद करायचा विचार बोलून दाखवलेला नाही. लहान पातळीवर असाच एक प्रयत्न जानेवारी २०१७ मध्ये झाला. सरकारी कार्यालयांतून आणि शाळांतून देवदेवतांची चित्रं काढायला सांगणारं परिपत्रक निघालं, शिवसेनेने विरोध केला आणि ते मागे घेतलं गेलं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर न्यायालयं अशा विधींकडे बरीच उदारपणे बघतात. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला आव्हान देणारी याचिका त्याच न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, वर याचिकाकर्त्याला २० हजार रुपये खर्च भरायला लावला. सगळ्यांच्या भल्यासाठी केलेली प्रार्थना धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात नाही, असा त्याचा आशय. महापूजेनंतर मुख्यमंत्रीही हेच म्हणतात: पाऊस पडू दे, शेतकरी सुखी होऊ दे असं साकडं घातलं. पण ‘मुख्यमंत्रीही माणूस आहे, त्याला कलम २५ चा हक्क आहे’ हा बचाव इथे पुरत नाही. खासगी भक्त म्हणून कुणीही कुठेही जावं. ही पूजा ‘शासकीय’ आहे, म्हणजे ती पदाने केली जाते. तो मुख्यमंत्री हिंदू नसला तर काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अगदी काल्पनिकही नाही: १९८० ते १९८२ या काळात बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते.

या पदाच्या पूजेची दुसरी बाजू २०१८ मध्ये दिसली. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं. मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही, असं आंदोलकांनी जाहीर केलं. देवेंद्र फडणवीस यांनी वारकऱ्यांच्या सुरक्षेचं कारण देत पंढरपूरला जाणं रद्द केलं आणि २३ जुलैला मुंबईत ‘वर्षा’ बंगल्यावर पूजा केली. २०२३ च्या कार्तिकीलाही उपमुख्यमंत्र्यांच्या पूजेला असाच विरोध झाला, तो चर्चेनंतर मिटला. आंदोलकांचा राग देवावर नव्हता, धर्मनिरपेक्षतेशीही त्यांना देणंघेणं नव्हतं. पूजा ही सत्तेची जागा झाली आहे, म्हणून सत्तेला अडवायचं तर ती पूजा अडवायची, इतकं साधं गणित. २०१८ ला पंढरपुरात पूजा मात्र थांबली नाही. ती मानाच्या वारकरी जोडप्याने केली.

आणि टोल?

कलम २७ म्हणतं, विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर द्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही. हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याचा अर्थ मर्यादित केला: करातला लक्षणीय हिस्सा एका धर्मासाठी गेला तरच कलम मोडतं. वर्षातून काही दिवसांची टोलमाफी या कसोटीवर सहज पास होते. याच कसोटीवर हज अनुदानही टिकलं होतं. पुढे २०१२ मध्ये न्यायालयाने ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितलं आणि केंद्राने २०१८ मध्येच बंद केलं.

महाराष्ट्रात खर्च वाढतो आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले. विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाला ७३ कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी आलेली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना सगळ्या धर्मांच्या ज्येष्ठांसाठी आहे, माणशी ३० हजार रुपयांपर्यंत. यातला काही खर्च, म्हणजे शौचालयं, पाणी, दवाखाने, सरकारने करायलाच हवा. लाखो माणसं एका रस्त्याने चालत असतील तर ती कुठल्या देवाला निघाली आहेत हा प्रश्न आरोग्य खात्याचा नाही. दिंडीला रोख रक्कम देणं हे मात्र त्याच खात्यात बसत नाही.

तुमच्या गावच्या देवळाचं काय?

वादाची भाषा मुंबई-दिल्लीची असली तरी कायदा गावापर्यंत आलेला आहे. कार्ल्याच्या एकवीरेचं देवस्थान असो की मावळातल्या एखाद्या वाडीतलं ग्रामदैवत, सार्वजनिक देवस्थानाच्या न्यासाची नोंद धर्मादाय कार्यालयात करावी लागते. त्या नोंदीच्या उताऱ्याला परिशिष्ट १ म्हणतात. विश्वस्त कोण, जमीन किती, दागिने काय, हे त्यात असतं. विश्वस्त बदलले तर ‘चेंज रिपोर्ट’ म्हणजे बदल अर्ज द्यावा लागतो. देवळाच्या कारभाराशी हितसंबंध असलेल्या माणसाला गैरव्यवहाराची तक्रार करता येते, आणि भाविक हा हितसंबंध असलेलाच माणूस. पुणे जिल्ह्यातल्या न्यासांचे हे कागद पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज आणि शुल्क भरून मिळतात. गावच्या जत्रेची वर्गणी देण्याआधी एकदा तो उतारा काढून बघता येईल. बऱ्याच गावांत त्यावर वारलेल्या माणसांची नावं अजून विश्वस्त म्हणून निघतात.